आठ सिलिंडर आणि मी

२ मार्च. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाच्या अनुभवांची कुठेतरी नोंद हवी.
गाडी विकायची ठरवलं. कारण शेडमालक. त्याला शेडमध्ये फरश्यांचं गोदाम करायचंय. मी त्याला नीट समजावलं, की इथे १९३७ची अमेरिकन सेडान उभी आहे, आठ सिलिंडरची, मागची दारं उलटी उघडणारी, असली गाडी आसपास कोणी पाहिलेलीसुद्धा नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, एकतीस तारखेपर्यंत रिकामी करा.
ठीक आहे. कुणाच्या पाया पडणार नाही. गाडी जाईल ती खऱ्या संग्राहकाकडेच.

३ मार्च
जाहिरात तयार. ‘अकरा वर्षे खपून एकट्याने, स्वतःच्या हातांनी मूळ रूपात आणलेली आलिशान गाडी. फक्त जाणकार संग्राहकांसाठी.’
हिने वाचली. म्हणाली, एकट्याने का?
जाहिरातीची एक भाषा असते, हे बायकोला कोण सांगणार? सीटा हिने शिवल्या, छताचं कापड हिने ताणून बसवलं, दारांच्या आतलं गादीकाम हिचं, सगळं मान्य. पण कापड कोणतं घ्यायचं ते मी सांगितलं होतं. तिने दुसरंच घेतलं, तो भाग वेगळा. इंजिन मिस्त्रीने उतरवलं, उघडलं, बसवलं. तेव्हा टॉर्च कोणी धरला होता? दृष्टी माझी होती. बाकी सगळी हातकामं.
‘एकट्याने’ तसंच ठेवलं.

७ मार्च
पहिला ग्राहक. लग्नांना गाड्या भाड्याने देणारा. एसी बसेल का, म्हणाला. बाहेरचा रस्ता दाखवला.

९ मार्च
मेहुण्याने हॉटेलवाला आणला. त्याला गाडी दारात उभी करून आत दोघांचं टेबल मांडायचं होतं. इंजिन काढलं तर जागा होईल का, असं त्याने विचारलं. मी मेहुण्याकडे फक्त पाहिलं. मेहुणा हॉटेलवाल्याबरोबरच निघून गेला. बरंच झालं.

१२ मार्च
संकल्प: उद्यापासून रोज सकाळी गाडी स्वतः सुरू करायची. तशी ती मला करता येतेच. आजवर मिस्त्रीला करू दिली ती त्याचं मन मोडू नये म्हणून.

१३ मार्च
गुडघा दुखतोय. उद्यापासून.

१४ मार्च
हवेत दमटपणा आहे. अशा हवेत जुन्या इंजिनाला त्रास देऊ नये, असं मला वाटतं.

१७ मार्च. दुपारी ४
फोन आला. खरा संग्राहक! बावीस गाड्या, स्वतःचं वर्कशॉप. रविवारी येतोय.
मिस्त्रीला रविवारी सुट्टी दिली. दोन तज्ज्ञ एका शेडमध्ये उभे राहिले की समोरच्याचा गोंधळ उडतो. जाता जाता तो म्हणाला, साहेब, चोक अर्धाच ओढा. मी म्हटलं, अकरा वर्षं ही गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे. तो हात पुसत निघून गेला.

२१ मार्च. रात्री ८
संग्राहक साठीचा, शांत माणूस. गाडीभोवती दोनदा फिरला. मी पाठ केलेलं भाषण पहिल्या फेरीतच संपवलं. मग त्याने गाडी सुरू करायला सांगितली.
बसलो. चावी फिरवली. काही नाही. स्टार्टर पायाने दाबायचा असतो हे मला अर्थातच माहीत होतं, पण तो पायाला सापडेना. सापडला तेव्हा चोक पूर्ण ओढलेला होता. शेडभर पेट्रोलचा वास. मी म्हटलं, मोठ्या गाड्यांना मूड असतो.
तेवढ्यात मिस्त्री दारात. हिने बोलावून घेतला. त्याने दहा मिनिटं वाट पाहायला लावली, चोक आत ढकलला आणि पाऊल टेकवलं. आठही सिलिंडर एका लयीत. संग्राहक डोळे मिटून ऐकत राहिला. मीही मिटले.
नंतर तो मागच्या सीटवर बसला. काठाच्या शिवणीवरून बोट फिरवत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
“हे काम कोणाचं?” त्याने विचारलं.
“आमचं,” मी म्हणालो.
“माझं,” ही म्हणाली.
दोघांचं एकाच वेळी. त्याने तिच्याकडे पाहिलं. संग्राहक माणसं ओळखण्यात थोडा कमी पडला.

२२ मार्च
संग्राहकाचा फोन. गाडी नको. तसल्या दोन आहेत त्याच्याकडे. मी म्हणणार होतो की मग आलातच कशाला, पण त्याने फोन बाईंना द्यायला सांगितला.
हिला आणि मिस्त्रीला वर्कशॉपमध्ये काम देतोय. बावीस गाड्या, त्यातल्या नऊंच्या सीटा फाटलेल्या. हिने एकच विचारलं: टेबलावर उजेड कोणत्या बाजूने येतो?
मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी गेलो नसतो.

२३ मार्च
हिला स्पष्ट सांगितलं की तिच्या या कामाबद्दल मी अजून विचार करतोय.
ती शांतपणे म्हणाली, “अहो, अकरा वर्षं मी तुमच्या गाडीसाठी नाही शिवलं. मला आवडतं म्हणून शिवलं. आता तुम्ही विचार करा, मी येते.”
विषय मीच संपवला.

३१ मार्च
शेड वेळेच्या आत रिकामी. शब्दाचा पक्का आहे मी.
गाडी वर्कशॉपच्या पुढच्या हॉलमध्ये राहणार, येणाऱ्यांना कामाचा नमुना म्हणून. हिने तशी अट घातली होती म्हणे. परवानगी मी दिली. मिस्त्रीने चालवली, ही मागे बसली, मी पुढे बसून वळणांना हात दाखवला. लोक थांबून बघत होते. मी मान हलवून स्वीकार केला.

५ एप्रिल. दुपारी २
ही डबा विसरून गेली. घेऊन गेलो. निमित्ताने गाडीवर देखरेखही होईल.
गेटवाल्याने अडवलं. कोण, विचारलं. म्हटलं, समोर उभ्या असलेल्या काळ्या सेडानचा मालक, संग्राहक, अकरा वर्षं जुन्या गाड्यांच्या कामात. त्याने वळून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, “ती होय? बाईंची?”
आत जायला रजिस्टर भरावं लागतं. नावाच्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘बाईंचे मिस्टर’. कामाच्या रकान्यात, ‘डबा’.
अक्षर अगदीच गचाळ होतं. मी सही मात्र पूर्ण नावाने केली.