दुसऱ्या सिलिंडरची खोट

इइदा, १० मे १९९३
ती. मित्सुगुदादास,
चिझुरूचा सा. न. वि. वि.
आपला धाकटा भाऊ कुनी, कुनिहिको, जाऊन तीन महिने झाले, पण आईच्या ध्यानात ते राहत नाही. डोळे गेलेच, आता आठवणही. बॅटरी उतरू नये म्हणून मी रोज संध्याकाळी कुनीची मोटरसायकल अंगणात पाच मिनिटं सुरू करून ठेवते. आवाज आला की आई उठून बसते, म्हणते, कुनी आला, वाढ. मगच जेवते, एरवी घास घेत नाही. आता गाडी सुरूच होईना. ट्रकनं तुझ्या गॅरेजवर पाठवतेय, लवकर बघ. कुनी तुला गाडीला हात लावू द्यायचा नाही, मिलिमीटरदादा म्हणून चिडवायचा, ते मनात धरू नकोस.
माया आहेच, ती असू द्यावी.
तुझी चिझुरू

हामामात्सु, २ जून
चि. चिझुरूस अनेक आशीर्वाद.
गाडी परवा पोचेल. काय हाल केले होते कुनीनं! व्हॉल्व्हची फट इंजिन पूर्ण थंड असताना मोजायची असते: हवा आत घेणाऱ्याची पाच शतांश मिलिमीटर, धूर टाकणाऱ्याची आठ. यानं सगळं अंदाजानं लावलेलं. चार सिलिंडरांचे चार कार्बोरेटर, त्यातला दुसरा मागे पडे, म्हणून ती लंगडी धडधड. पाऱ्याच्या नळ्या जोडून चौघांना एका रेषेत आणलं. ठिणगी पाडणारे पॉइंट, प्लग नवे टाकले. चालू इंजिनावर दहा येनचं नाणं उभं करून बघ, पडायचं नाही. मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण माझ्या हातून गेलेलं इंजिन खोकत नाही.
आईला सांभाळ.
तुझा दादा

इइदा, ९ जून
ती. दादास नमस्कार.
नाणं उभं राहिलं. आई मात्र पडल्या पडल्याच विचारू लागली, कोण पाहुणा आलाय ग? सांग त्याला, कुनी अजून कामावरून आला नाही. मी शपथेवर सांगितलं, कुनीचीच गाडी आहे. म्हणाली, मला फसवतेस? पाच दिवस नुसती पातळ पेज, तीही चमच्यानं. दादा, गाडी परत पाठवतेय, होती तशी करून दे. तुझ्या दुरुस्तीच्या वहीत असेलच सगळं.
तुझी चिझुरू

हामामात्सु, ५ ऑगस्ट
चि. चिझुरूस आशीर्वाद.
आधी रागानं एक पत्र लिहिलं, फाडलं. वहीत फक्त बरोबर आकडे आहेत. चुकीचं कोण लिहून ठेवतं? जुने पॉइंट भंगारात गेले. दीड महिना दुसऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवतोय. लंगडणं येतं, पण ते नव्हे. वीस वर्षं तो आवाज ऐकून मी त्याला नावं ठेवली. ऐकला मात्र कधीच नाही. जमलं तेवढं करून पाठवतोय. यातली चूक माझी आहे, कुनीची नाही.
दादा

इइदा, १४ ऑगस्ट
ती. दादास चिझुरूचा नमस्कार.
कुनीचं हे पहिलं ओबोन, गेलेली माणसं घरी येतात तो सण. दाराशी पांढरा कंदील टांगला, त्यानं लवकर यावं म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला. मग गाडी सुरू केली. आई खूप वेळ कान देऊन होती. म्हणाली, याला मित्सुगुचा हात लागलाय. मग विचारलं, कुनी हात लावू देत नसे ना ग कुणाला? मी गाडी बंद केली. म्हणाली, म्हणजे गेला.
रडली नाही. कुनीचा वाडगा मागितला, चाचपत भात वाढला आणि स्वतःच्या हातानं देवघरात त्याच्या फोटोपुढे ठेवला. नंतर माझ्या हातून दोन घास खाल्ले.
गाडी आता सुरू करत नाही. बॅटरी उतरेल, उतरू दे.
विसरू नये, येत जावं.
तुझी चिझुरू