माल्टाला कधी यायचं

प्रिय निशाताई,

तू परत तेच सुरू केलंस. महिनाभर एकच रट, माल्टाला कधी येऊ, कधी येऊ, आणि मी काही सांगायला गेलो की भावोजी, नाहीतर तू माहेरी असलीस की आई, मध्ये तोंड घालणार. फोन स्पीकरवर टाकायची तुझी सवय कोपरीत होती, ठाकुर्लीला सासरी गेलीस तरी सुटली नाही. म्हणून लिहितोय. माझ्या खोलीतला गुणाजी, त्याचे वडील आजारी आहेत, तो उद्या कायमचा आंबिवलीला निघालाय. त्याच्या हातात हे देतो. एकटी असशील तेव्हा वाच. आठवी नापासाचं अक्षर आहे, चुका काढत बसू नको.

तू म्हणतेस मी मुद्दाम टाळतोय. एप्रिल म्हटलं की पाणी थंड, ऑगस्ट म्हटलं की गर्दी, डिसेंबर म्हटलं की पाऊस. माझ्या साल्याच्या बेटावर बारा महिने सुतकच असतं काय, असा टोमणा पण मारून झाला भावोजींचा. त्यांचं चुकीचं नाही. पण आता नीट सांगतो.

चांगला महिना मे. ऊन असतं पण चटका नसतो, शेतांच्या कडेला पिवळी फुलं असतात, येणारी माणसं पण वयस्कर, शांत. मेमध्ये चादरी जवळजवळ स्वच्छच येतात. जून संपला की वाळू सुरू. जुलैत अंगाला लावायच्या क्रीमचे पिवळे डाग, दोनदा धुतले तरी हलत नाहीत. ऑगस्टचं तर विचारू नको, वाइन, आइस्क्रीम, पोरांच्या उलट्या, सगळं एकाच चादरीवर. आता सप्टेंबर चालू आहे, समुद्र छान कोमट, पण दक्षिणेकडून असा दमट वारा सुटतो की दोरीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी पण ओला. ऑक्टोबरात मध्येच वादळ येतं, मग टॉवेल कमी आणि ब्लँकेटं जास्त. 

तू विचारशील, ऑफिसात बसून तुला चादरी कुठून दिसतात रे. ताई, ऑफिस नाही. कधीच नव्हतं. मी हॉटेलच्या लॉन्ड्रीत आहे, तळघरात. डोक्यावर स्विमिंग पूल, खाली चार मशीन, इस्त्रीचा मोठा रोलर, गुणाजी आणि मी. बाहेर कुठला महिना चाललाय ते मला चादरींवरून कळतं. आई तो बाल्कनीतल्या समुद्राचा फोटो सगळ्यांना दाखवते ना, आमच्या नयनची खोली म्हणून, ती चारशे बारा नंबरची खोली आहे. मी मळलेले कपडे गोळा करायला गेलेलो आणि गिऱ्हाईक नाश्त्याला गेलेलं. फोटो काढला आणि पळालो. आमच्या खोलीला खिडकी नाही.

मॅनेजर आहे असं मी कधी बोललो नव्हतो, आठवून बघ. हॉटेलात चांगलं काम आहे एवढंच बोललेलो. मॅनेजर बाबांनी केला, आणि कमळाबाई काकूंनी तो कोपरीभर वाटला. खाडीकडची जागा बिल्डरला गेली, त्यातले पैसे एजंटला भरून बाबांनी मला पाठवलेलं, त्यांना चार लोकांत सांगायला काहीतरी लागणारच. मी गप्प राहिलो. दोन महिने गप्प राहिलो की मग बोलायची सोय राहत नाही.

आणि तुझं लग्न. सुट्टी मिळाली नाही, हे खोटं आहे. आमच्याकडे पद्धत अशी आहे, नोव्हेंबरच्या सुरवातीला सीझन संपतो आणि ऑफिसात एकेकाला बोलावतात. टेबलावर आपला पासपोर्ट ठेवतात, जो त्यांनी सांभाळायला म्हणून घेतलेला असतो, आणि बाजूला पुढच्या वर्षाचा कागद. सही केली की पासपोर्ट परत ड्रॉवरमध्ये. नाही केली तर घरी. गेल्या नोव्हेंबरला पासपोर्ट माझ्या हातात होता. तुझं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. मला नुसता मंडप दिसला. भावोजींचा कान पिळायला मी पुढे जातोय, माइकवाला बोंबलतोय, नवरीचे भाऊ, माल्टाचे मॅनेजर, आणि भावोजींचे काका विचारतायत, किती माणसं तुमच्या हाताखाली? मी पासपोर्ट ठेवला आणि सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. माझ्या जागी कान काकूंच्या ऋतुराजने पिळला, अंगठी मिळाल्यावर कसा नाचला ते मी खाली व्हिडिओवर बघितलं. मशीन चालू होत्या, बँजो ऐकूच आला नाही.

गुणाजी गेल्या आठवड्यात ऑफिसात गेला, पासपोर्ट मागितला, त्यांनी देऊन टाकला. तेव्हापासून मला झोप नाही. कुलूप असतं तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

तर ताई, मे चांगला, पण तू मेमध्ये येऊ नको. दिवाळी आटपून ये, नोव्हेंबरच्या तीन तारखेच्या आत. व्हिसाचे कागद आत्ताच टाक. हवा खराब असेल, अर्धी दुकानं बंद, समुद्रात चिटपाखरू नसेल. भावोजी कुरकुरतील, त्यांना सांग की तेव्हा स्वस्त पडतं. ऑफिसात सहीसाठी माझं नाव तीन तारखेला सकाळी आहे. तू फक्त माझ्याबरोबर आत ये आणि शेजारच्या खुर्चीवर बस. इंग्लिश बोलावं लागणार नाही, भांडावं पण लागणार नाही. मी पेन उचलायला लागलो तर माझा हात धर. एकटा असलो तर मी परत सही करेन, मी ओळखतो मला. आईला अजून काही सांगू नको, ते माझं मी येऊन सांगेन.

तुझाच,
नयन

ता. क. गुणाजीकडे बंद पाकीट दिलंय, त्यात तुझ्या तिकिटाचे पैसे. भावोजींकडून घेऊ नको. सातशे साठ युरो आहेत.