फाटकातून आधी कोण?

दि. ४ फेब्रुवारी

डॉक्टरबाई यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी संध्याकाळी फोनवर आपण मला मध्येच तोडलंत आणि सोमवारी मी आपल्याला. आता मुलांनी आपल्या दोघींनाही फोन करायला बंदी केली आहे, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्रात निदान कुणी ओरडत नाही, आणि ओरडलं तरी ऐकू जात नाही.

आमच्या ढब्बूने आपली भाची पसंत केली आणि आम्हालाही ती मनापासून आवडली. त्यात काडीचा बदल नाही. रविवारी आम्ही दोघं आलो ते चिमणीला पाहायला नव्हे, तर जिने तिला लहानाचं मोठं केलं त्या आत्याला भेटायला. आणि भेट कुठे झाली? आपल्या फाटकात, गाडीला गाडी घासून! दोन्ही गाड्यांची नाकं आत आणि शेपट्या रस्त्यावर. माझं दार फाटकाच्या खांबाला टेकलेलं, ह्यांचं दार आपल्या गाडीला. शेवटी आमच्या ह्यांना मागच्या सीटवरून डिकीतून पाठमोरं बाहेर पडावं लागलं, तेही हातातला फुलांचा गुच्छ सांभाळत. जमिनीला पाय टेकतात न टेकतात तोच आपल्या गाडीतून उतरलेल्या बोकडाने तो गुच्छ खाल्ला. रिबिनीसकट. हे अजून सावरलेले नाहीत.

आता मुद्द्याचं. मी उजवीकडे वळण्याचा दिवा लावून रस्त्याच्या मधोमध थांबले होते. समोरून आपण आलात आणि फाटकाशी थांबलात. चांगल्या ऐसपैस थांबलात. मला वाटलं, बाई रीतभात जाणणाऱ्या दिसतात, पाहुण्यांना आधी वाट देताहेत. म्हणून मी वळले, आणि तेवढ्यात आपण गाडी पुढे घातलीत. आपणही तिथेच वळणार आहात हे मला कसं कळावं? दिवा तर लावलाच नव्हता.

माझा आरसा गेला त्याचं काही नाही. चूक कुणाची तेवढं आपण मान्य करावं. चिमणीला आशीर्वाद.

लोभ अजून जुळायचा आहे, तो जुळावा ही इच्छा.
आपली,
मुलाची आई


दि. ९ फेब्रुवारी

पोहण्याच्या मास्तरीणबाईंना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आधी तब्येतीची बातमी: बोकड ठीक आहे. रिबीन सुखरूप बाहेर आली. पायाचं बँडेज मात्र त्याने त्या गडबडीत सोडवून घेतलं, ते पुन्हा बांधताना त्याने मला दोन ढुशा दिल्या. त्यातली एक मी आपल्या खात्यावर मांडली आहे.

आता नियम. मी माझ्या बाजूने येऊन डावीकडे माझ्याच घरात वळत होते. मला कुणाचा रस्ता ओलांडायचा नव्हता. आपल्याला मात्र उजवीकडे वळायला माझा अख्खा रस्ता ओलांडायचा होता. अशा वेळी जो समोरच्याचा रस्ता कापतो त्याने थांबायचं असतं, समोरचा पूर्ण आत जाईपर्यंत. फाटक माझं होतं म्हणून नव्हे. फाटक आपलं असतं तरी हेच.

मी थांबले ते आपल्याला वाट द्यायला नाही. फुटपाथवरून एक पादचारी चालला होता. रस्ता सोडून कुणाच्या आवारात शिरताना फुटपाथ ओलांडावा लागतो, आणि तिथे पहिला मान पायी चालणाऱ्याचा. मी त्याला मान दिला. तो आपण स्वतःकडे घेतलात. दिवा मी लावला होता, त्याची दांडी आठवणीने ओढलेली मला आठवते.

शिवाय गाडीत अडकल्यावर आपण जी शिट्टी वाजवलीत, तिने शेजारच्या दोन कुत्र्यांना अजून झोप नाही. तलावावरची शिट्टी गळ्यात घालून आपण पाहुण्या म्हणून जाता हे मला नवीन होतं.

माझा भाऊ आणि वहिनी गेल्यापासून चिमणी माझ्याकडे आहे. तिच्या सासूशी माझं पहिलं बोलणं खिडकीच्या काचेतून व्हावं याचं मला वाईट वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि चूक मान्य करणं वेगळं.

ममता वाढेल तेव्हा वाढेल, तोवर ओळख तरी असू द्यावी.
आपली,
मुलीची आत्या


दि. १४ फेब्रुवारी

डॉक्टरबाई यांस,
सा. न. वि. वि.

पादचारी? कुठला पादचारी? तलावात पन्नास पोरं एकदम उड्या मारत असली तरी कुणाचं डोकं पाण्याखाली जास्त वेळ गेलं ते मला कळतं. माझ्या नजरेतून आपल्या फुटपाथवरचा धडधाकट माणूस सुटेल? फुटपाथ साफ मोकळा होता. ह्यांनाही विचारलं. हे म्हणाले की त्यांना बोकड सोडून त्या दिवसातलं काहीच आठवत नाही.

हा गृहस्थ कोण, कसा दिसत होता, अंगात काय होतं, कुठे निघाला होता, ते कृपा करून कळवावं. मी स्वतः येऊन त्याला भेटेन. पायी येईन.

इथे बाकी क्षेम. ढब्बू जेवणात लक्ष देत नाही. काल त्याने चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकला. मी विचारलं तर म्हणाला, की तुमचं काय ठरतंय त्यावर आमचं ठरतंय. पोरगा असं बोलला की आतून हलायला होतं. पण म्हणून नसलेला माणूस मी असलेला कसा मानू?

रागातसुद्धा थोडी आपुलकी असते, ती ओळखून घ्यावी.
आपली,
मुलाची आई


दि. १९ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंना,
सा. न. वि. वि.

वर्णन विचारलंत, देते. बुटका. अंगाने रुंद. डोक्यावर केस नाहीत. मानेला सुरकुत्या. तपकिरी, जाडजूड पेहराव. चाल अत्यंत संथ, म्हणून मला इतका वेळ थांबावं लागलं. माझ्याकडे त्याने एकदा मान वळवून पाहिलं, आभार मात्र मानले नाहीत. नाव विचारायचा प्रसंग आला नाही. शेजारीच राहतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट. काल चिमणी माझ्यासमोर हात बांधून उभी राहिली. लहानपणी हट्ट करताना अशीच उभी राहायची. म्हणाली, की आत्या, तुमच्या दोघींचं फाटकावरून मिटलं नाही तर आम्ही दोघं नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करून येऊ, कुणालाच बोलावणार नाही, साक्षीदार म्हणून रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं धरू. तिला वाटलं मी चिडेन. मी गोठ्यात गेले आणि एका म्हशीचं तापमान उगाचच दोनदा पाहिलं.

मास्तरीणबाई, तिच्या लग्नात तिच्या शेजारी उभं राहण्याची मी तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून वाट पाहते आहे. आपणही ढब्बूसाठी पाहतच असाल. ते दोघं हट्टी आहेत. कुणावर गेलेत यावर आपण वाद घालू शकतो, पण तो नंतर घालू.

कळावे, आणि या खेपेस जरा लवकर कळवावे.
आपली,
मुलीची आत्या


दि. २३ फेब्रुवारी

डॉक्टरबाई,
स. न. वि. वि.

कासव!

चिमणी परवा तलावावर आली होती. मी आपलं वर्णन तिला वाचून दाखवलं आणि विचारलं की हे शेजारचे गृहस्थ कोण. ती आधी खोकली, मग पाठ फिरवून उभी राहिली, मग तलावाच्या काठावर बसूनच हसली. ते शेजारच्या घड्याळजींचं कासव आहे म्हणे, आणि रोज त्या वेळी तिथूनच जातं. ‘तपकिरी, जाडजूड पेहराव’! डॉक्टरबाई, मी त्या माणसाला भेटायला जायचं म्हणून कपाटातून चांगली साडी काढून ठेवली होती. कासवाला पादचारी म्हणतात असं कुठल्या पुस्तकात आहे?

हे विचारायला मी थेट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. तिथल्या सरांनी टेबलावर दोन खोडरबर गाड्या म्हणून ठेवले, पट्टीचा फुटपाथ केला आणि झाकणाचं कासव. त्यांचं म्हणणं असं: प्राण्यांबद्दल आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही. पण समोरची गाडी कासवासाठी थांबो, माणसासाठी थांबो, की नुसती विचार करत थांबो, तिने स्पष्ट खूण केल्याशिवाय उजवीकडे वळणाऱ्याने तिच्या पुढून घुसायचं नाही. थांबणं म्हणजे वाट देणं नव्हे. वाट समोरच्याची, आणि फुटपाथवर कुणी असेल तर दोन्ही गाड्यांच्या आधी त्याची. एवढं सांगून त्यांनी मला विचारलं की वर्गात नाव घालू का. मी त्यांना म्हटलं की मी मैत्रिणीसाठी विचारते आहे. ते म्हणाले की सगळे मैत्रिणीसाठीच विचारतात.

तेव्हा मान्य. मी थांबायला हवं होतं. लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं. लग्नाच्या दिवशी आपल्या फाटकाशी आपण समोरून आलात, तर माझ्या गाडीच्या टपावर गवत उगवलं तरी मी आधी वळणार नाही. शब्द देते.

ढब्बू आता साखर घालतो चहात. डबल.

आपुलकी आहेच, ती आता वापरायला काढू या.
आपली,
मुलाची आई


दि. २७ फेब्रुवारी

विहीणबाई,
स. न. वि. वि.

असं लिहिलं चालेल ना? लिहून टाकलं.

आपलं पत्र वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. तपासणीच्या टेबलावर एक मांजर होती, ती पळाली. कासवाबद्दल माझं मत कायम आहे. जो पायाने चालतो तो पादचारी, आणि ह्याला तर चार आहेत.

पण आता माझीही एक गोष्ट बाहेरून कळण्याआधी ऐका. आरसा माझाही गेला होता, म्हणून गाडी तो बसवायला दिली होती. गॅरेजवाला म्हणाला की डावीकडच्या दिव्याचा बल्ब उडालेला आहे, आणि आजचा नाही, निदान चार महिन्यांपूर्वीचा, मधे कोळ्याने घर केलंय. मी आठवणीने दांडी ओढली ती खरी, पण बाहेर काहीच लागत नव्हतं. तेव्हा आपल्याला कळलं नाही ते बरोबर. मी काय करणार आहे ते चार महिने कुणालाच कळलं नसेल. आता नवा बल्ब घातला आहे. इतका लखलखतो की कोंबड्या बिथरतात.

नोंदणी अधिकारी घरीच यायला तयार झाले आहेत, दहा मार्चला सकाळी. साक्षीदार म्हणून आपण दोघींनी सह्या करायच्या, असं चिमणीने ठरवलंय. आणि आपण टपावरच्या गवताचं लिहिलंत, पण ते चालायचं नाही. त्या दिवशी आपण पाहुण्या. नियम माझ्या बाजूने असला तरी आपला हक्क सोडून दुसऱ्याला खूण करायला कुणाची मनाई नाही. मी खूण करणार, आपण आधी आत जाणार. मीही शब्द देते.

ममता आहे, कमी पडली तर मागून घ्या.
आपली,
मुलीची आत्या


दि. १६ मार्च

ती. आत्या आणि ती. आई,
दोघींना शि. सा. न.

पत्र एकच लिहिते आहे, कारण ढब्बूच्या बाबांकडून कळलं की आई अजून आत्याकडेच मुक्कामाला आहेत आणि कोंबड्यांना शिट्टीवर खुराड्यात जायला शिकवताहेत. आम्ही समुद्राकाठी मजेत आहोत. तुम्ही दोघी फोनवर एकाच वेळी बोलता, त्यामुळे त्या दिवशी आत काय झालं ते मला सांगताच आलं नाही. ते आता शांतपणे ऐका.

आत्या, तू पहाटे त्या अडलेल्या गायीकडे गेलीस तेव्हाच मला धाकधूक होती. अधिकारी वेळेवर आले. आम्ही तयार बसलो. खुर्च्या भरल्या. मग बाहेरून हॉर्न वाजू लागले. आधी एक, मग इतके की अधिकाऱ्यांनी विचारलं की ही इथली बँडची पद्धत आहे का. ढब्बू भिंतीवर चढला. वरून त्याने सांगितलं की फाटकाच्या एका बाजूला आईंची गाडी थांबली आहे आणि दुसऱ्या बाजूला आत्याची, दोघी खिडकीतून हात हलवून एकमेकींना आत जायला सांगताहेत, आणि दोन्हीकडे पार वळणापर्यंत रांग लागली आहे. मी म्हटलं, होईल आता. अधिकाऱ्यांना चहा दिला. ढब्बूने सांगितलं की आत्या दिवा बंद करून ‘मला वळायचंच नाही’ असं दाखवते आहे आणि आईंनी इंजिन बंद करून विणकाम काढलं आहे. अधिकाऱ्यांना दुसरा चहा दिला. त्यांना पुढे आणखी एक लग्न होतं. ते घड्याळ मनगटावरून काढून हातात धरून बसले.

मग वाहतूक पोलीस आत आला आणि बाहेरच्या दोन बायका कुणाच्या, म्हणून विचारू लागला. ढब्बूने भिंतीवरूनच सांगितलं की एक माझी आणि एक हिची. पोलीस म्हणाला की त्याने तुम्हाला आळीपाळीने आत जायचा हुकूम दिला, तर दोघींनी मिळून त्यालाच आधी आत पाठवलं.

तेव्हा मी वर माळ्याच्या खिडकीशी गेले. खरं सांगू? मला रडूच येणार होतं. तुम्ही दोघी नसताना सही करायची कल्पनाही मला सहन होत नव्हती. खाली पाहिलं, तर तुम्ही गाड्यांतून उतरून रस्त्याच्या मधोमध उभ्या होतात. आत्याच्या गुडघ्यापर्यंत शेण. आई तिला पाठीमागून फाटकाकडे ढकलताहेत, आणि आत्या आईंचा दंड धरून त्यांना पुढे ओढते आहे. दोघी इतक्या हसत होतात की कुणाच्याच अंगात जोर उरला नव्हता. मागचे ड्रायव्हरसुद्धा हॉर्न सोडून हसत होते. आत्या, तुला मी इतकं हसताना कधी पाहिलं होतं तेच मला आठवेना.

मी खाली आले आणि अधिकाऱ्यांना म्हटलं, करा सुरू. मी लग्नात तुम्हाला शेजारी ज्यासाठी मागत होते, ते मला खिडकीतून दिसलं होतं.

साक्षीदार म्हणून घड्याळजींनी सही केली आणि दुसरी त्या पोलिसाने. त्याने टोपी काढून, जीभ बाहेर काढून, फार सुंदर अक्षरात केली. तुम्ही आत आलात तोवर अधिकारी मागच्या दाराने निघून गेले होते, आणि तुम्ही दोघींनी एकाच वेळी विचारलंत की काही चुकलं का. ढब्बूने नाही म्हणून सांगितलं ते बरोबरच होतं.

आम्ही रविवारी परत येतो आहोत. गाडी कोपऱ्यावर लावून चालत येऊ.

दोघींचे आशीर्वाद हवेत. पण कृपा करून आधी तुम्ही, आधी तुम्ही करत बसू नका, एकदमच द्या.
तुमची,
चिमणी