सुई ओवेपर्यंत

मंगळवार, चौदा तारीख
दुपारचे दोन

चि. बॉबिन,
तुझ्या बाबांचे तुला पोटभर आशीर्वाद.

पस्तिशीच्या बाईला बॉबिन म्हणू नये, कळतं मला. पण मी मशीन चालवायचो तेव्हा पायाशी मशीनमधल्या त्या छोट्या रिळासारखी गोल गोल फिरायचीस म्हणून आईनं ठेवलेलं नाव, दुसरं काही हातातून उतरत नाही.

मी बरा आहे. तुझ्या हॉस्टेलच्या खोलीची कडी नीट झाली का? ढिली आहे म्हणाली होतीस. वॉचमनला सांगून स्क्रू आवळून घे, आज-उद्या करू नकोस. पत्ता तुझ्या जुन्या पाकिटावरून उतरवलाय. पिनकोडातला शेवटचा आकडा एक आहे की सात, काही केल्या कळेना. सात धरलाय. पत्र पोचलं नाही तर लगेच कळव.

दुकान सोडलं. मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलंय. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, असलं बारीकसारीक येतं.

कंबर धरली होती असं तुला फोनवर म्हणालो होतो. कंबर धरली नव्हती. मोरीत पाय घसरून पडलो होतो. आठ दिवस दवाखान्यात होतो. घाबरू नकोस, हाड मोडलं नाही. तुझी परीक्षा होती म्हणून बोललो नाही. म्हणजे परीक्षा होती हे खरं, पण बोललो नाही ते त्यासाठी नाही.

घरी आल्यावर दवाखान्यानं एक मुलगी पाठवली. तुझ्यासारखीच समाजकार्य शिकणारी, एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला. दर मंगळवारी अकराला येते. खांद्याला ही मोठी पिशवी, म्हणून मी तिला पिशवीवाली म्हणतो. पहिल्या दिवशी तिनं फॉर्म काढला. स्वयंपाक कोण करतं, औषधं कोण आणतं, घरी कोण येतं-जातं. मी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, माझं कुणी घेतलं नव्हतं. टेप लावली की गिऱ्हाईक कसं पोट आत ओढतं, तसं झालं माझं. म्हणालो, "मुलगी येते ना दर रविवारी."

तिनं लिहून घेतलं.

पुढच्या एका मंगळवारी तिच्या पिशवीचा बंद उसवलेला दिसला. म्हटलं, आण इकडे. तर म्हणाली, "नाही काका, आम्हाला कुणाकडून काही घेता येत नाही."

"अगं, चार टाके म्हणजे काय लाच आहे?"

हसली, पण दिली नाही. तिच्या मॅडमना विचारून पुढच्या खेपेला दिली. आता माझे डोळे हे असे. दोरा सुईच्या नाकात जाईना. म्हटलं, "ओवून दे बाई." तर म्हणाली, "ओवा तुम्ही. मला घाई नाही." आठ वेळा चुकलो, नवव्यांदा ओवला. ती समोर हात मांडीवर ठेवून बसलेली. मला रागच आला. म्हटलं, "कॉलेजात दोन वर्षं हेच शिकवतात का? हात आवरून बसायला?"

"हो काका. तेच सगळ्यात अवघड जातं."

त्या दिवशी ती गेल्यावर मी दोन ब्लाऊज उसवून परत शिवले. गरज नव्हती.

मग एकदा म्हणाली, "अजून तीनदा येईन. मग माझं फील्डवर्क संपतं."

"एवढं आधी कशाला सांगतेस? आली नाहीस की कळेलच मला."

"तसं करायचं नसतं. कसं जायचं तेही शिकवतात आम्हाला. आपल्यावाचून माणसाचं अडू नये, त्यासाठीच तर यायचं असतं."

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. तूही हेच शिकायला गेलीस का, की माझं तुझ्यावाचून अडू नये? माझं अडतं गं. डबा उघडता येतो, जिना चढता येतो. तरी अडतं.

आज तिची शेवटची खेप. फाईल बंद करायच्या आधी तिनं सगळं वाचून दाखवलं. "मुलगी दर रविवारी येते, घरचा आधार चांगला आहे." म्हटलं, "थांब. खोटं आहे ते. मुलीला शिकायला जाऊन सोळा महिने झाले. एकदाही आली नाही." मग घाईघाईनं म्हणालो, "तिचा दोष नाही, तसं लिहू नकोस."

तिनं पेन खाली ठेवलं. रागावली नाही. म्हणाली, खरं ते लिहून फाईल पुढच्या मुलीकडे देईन. मग विचारलं, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

म्हटलं, "तू लिही तिला. मी चौथी शिकलेला. मला मापांपलीकडे लिहिता येत नाही."

"लिहा तुम्ही, काका. मला घाई नाही."

बसलीय समोर, अकरापासून. चार कागद फाडले मी.

नोकरी सोडून तू निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, "लोकांची विचारपूस करायला डिग्री लागते होय? आमच्या दुकानात फुकट होते." तू म्हणालीस, "आई गेली त्या दिवशी दवाखान्यात माझ्याजवळ एक बाई बसली होती, बाबा. काही बोलली नाही, नुसती बसली. मला तेवढं शिकायचंय." त्या दिवशी मी कुठे होतो, ते तू म्हणाली नाहीस. मला मात्र तेच ऐकू आलं. मी दुकानात कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होतो. कोटाची घाई नव्हती. मला तुझ्या आईजवळ बसवत नव्हतं.

म्हणून तू बॅग उचललीस तेव्हा मी मशीनवरून उठलो नाही. तू दारातून "येते" म्हणालीस, मी पाय मारत राहिलो. तुला वाटलं असेल, काम आहे. मशीनला कापड नव्हतं, बॉबिन. नुसताच पाय मारत होतो. जिन्यावरची तुझी पावलं ऐकू येऊ नयेत म्हणून.

शिक्षण सोडून ये असं म्हणत नाही. पूर्ण कर. पिशवीवालीला बघितल्यावर कळलं की ते शिकावंच लागतं. मला तर अजून जमत नाही. फक्त एकदा ये. दोन दिवस का होईना. आईबद्दल विचारलंस तर सांगेन, नाही विचारलंस तर नुसता बसेन तुझ्याजवळ. आणि जाताना आधी सांग, म्हणजे मला तयारी करता येईल. तुझी बॅग मी खाली रस्त्यापर्यंत आणीन. जिना उतरता येतो मला, पिशवीवालीनं फाईलमध्ये तसं लिहिलंय.

पाकिटाला तिकीट लावून मीच टाकायला निघतोय.

तुझा,
मशीनवरून उठलेला,
बाबा