एकेचाळीस नंबरची फाइल

दि. १२ मार्च, दुपार

चि. भिंगरीस आजीचे पुष्कळ आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तू वेळेवर जेवत नसशील हे धरूनच पुढचं सांगते.

बोलते आहे मी, लिहिते आहे केंद्रातली ताई. अक्षर देखणं दिसेल ते तिचं, मजकूर खोचक वाटला तर माझा.

अगं, अनुदान मंजूर झालं! सरकारचं पत्र आज सकाळी आलं. चांगली तीन वर्षं केंद्र चालणार. ताईचं नाचायचंच बाकी राहिलं होतं. हे वाक्य ती लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं. गुन्ह्यात पोळलेल्या माणसांबरोबर पोलिसांत जायचं, कोर्टात शेजारी बसायचं, हे हिचं काम. पैशाअभावी महिनाअखेर सगळं बंद पडणार होतं.

पंधरा दिवसांमागे तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. इथे फायलींवर नुसते नंबर. नावं कपाटात, कुणाला दाखवायची नाहीत. बाई म्हणाल्या, आकडे काय, कुणीही लिहील. ताईची पंचाईत. नाव सांगावं तर नियम मोडतो, न सांगावं तर केंद्र जातं. मी कोपऱ्यात चहा गाळत होते. माझं तोंड कधी बंद राहिलंय?

म्हटलं, "बाई, एकेचाळीस नंबर मीच. विचारा काय विचारायचं ते."

तर भिंगरे, आता तुलाही सांगायला हवं. मी इथे चहा करायला येते म्हणाले होते. चहा करते, ते खोटं नाही. पण माझा हात स्टुलावरून पडून मोडला नव्हता. मीटर बघायला आलोय म्हणून एक जण घरात शिरला, त्याने बांगड्यांसाठी पिरगाळला. तू त्या स्टुलाला नाही नाही ते बोललीस, भंगारात घातलंस. बिचारं काही न करता गेलं.

खरं सांगितलं असतं तर तू मला उचलून तुझ्याकडे नेलं असतंस, आणि या घराचं दार मला पुन्हा कधी उघडता आलं नसतं. आता उघडते. साखळी लावून, पण उघडते.

सोमवारी कोर्टात त्याच्यासमोर हे सगळं सांगायचं आहे. बाईंपुढे जीभ छान चालली. त्याच्यापुढे चालेल का, ठाऊक नाही. पुकारा होईपर्यंत बाकावर माझ्या उजव्या हाताला ताई बसेल. डावीकडे कुणी बसायचं नाही, असं मी आत्ताच सांगून ठेवलंय.

रागवायचं असेल तर तिथे येऊन रागाव.

सोमवारी दहापासून बाकावर असलेली,
तुझी खोटारडी आजी