सूर्यचुलीचं तोंड

बडनेरा, ८ मार्च १९५९
वरूडचे देशमुख आले. संत्र्याची बाग आहे त्यांची. माघात सूर्यचूल नेली होती. पाण्याचा तांब्या समोर ठेवायच्या आधीच बोलले, "मिस्त्री, डाळ काही शिजून नाही राहिली. जावई हसून गेला माह्या घरचा."
काच, आरसा, आतला काळा पत्रा, सगळं मी स्वतः बसवलेलं. चूक कुठे?

१२ मार्च
वरूडला जाऊन आलो. अंगणात मातीचा ओटा घालून चूल त्यात पक्की रोवली आहे. सारवण, रांगोळी, हळदकुंकू. तोंड पूर्वेला. ऊन सरकेल तशी पेटी फिरवायची, हे मी सांगितलं होतं. देशमुखीणबाई म्हणाल्या, "मांडलेली चूल कोणी हलवते का भाऊ? अन् हे तर सूर्यनारायण."
'सूर्यनारायणाची चूल' म्हणून मीच विकतो. नारळही मीच फोडतो. त्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं.

१५ मार्च
रेल्वेतल्या वानखड्यांकडे गेलो. त्यांची चूल उत्तम चालते. ही मंडळी छप्पन साली बौद्ध झाली. वानखडेबाई डाळ वाढता वाढता म्हणाल्या, "आमी कुकू नाही लावलं तिले. ऊन सरकलं का तिलेबी सरकवतो. तुमी गिऱ्हाइकाले सांगून टाका ना, पूजा करू नका म्हणून."
हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही. रोज सूर्याला अर्घ्य देणाऱ्या माणसानं हे कोणत्या तोंडानं सांगावं? आणि न सांगावं तर चूल चालणार कशी?

२२ मार्च
अकोल्याला गेलो. भांड्यांचे व्यापारी शेटजी पाडव्याला घरी येतो म्हणाले. समोर डाळ शिजली तर चूल दुकानात ठेवतील. आधी कामाला होतो त्या कापसाच्या जिनातही डोकावलो. मॅनेजर म्हणाले, "तुझी जागा पाडव्यापर्यंत रिकामी ठेवतो. मग दुसरा मिस्त्री पाहीन."
पन्नाशी आली. पुन्हा जिनात जायचं का...

२ एप्रिल
नागपूरहून काच आली नाही. नवी चूल होत नाही. घरात एकच आहे, तुळशीजवळची. तीही बायकोनं पूर्वेला तोंड करून ओट्यात रोवलेली. तिच्यावर शिजवते काही नाही, पूजा तेवढी करते.
म्हटलं, शेटजी येतील तेव्हा काढावी लागेल.
"बसवलेला देव उपटता? दुकानासाठी?"
देव मी बसवला की पेटी बसवली, हे आता मलाच सांगता येईना.

७ एप्रिल
पुन्हा विचारलं. ही भाकरी थापत राहिली.

९ एप्रिल, पाडवा
सकाळी अर्घ्य दिलं. काही मागितलं नाही. मागावं कशासाठी, तेच ठरेना.
शेटजी आले, डाळ चढवली. बराच वेळ गेला. ऊन काचेवरून उतरायला लागलं. शेटजी टोपीनं वारा घेत म्हणाले, "मिस्त्री, आज उपास घडवता काय?"
तेवढ्यात ही आतून आली. चुलीला कुंकू लावलं, हात जोडून काहीतरी पुटपुटली. मग मला म्हणाली, "पाहून काय राहिले? धरा तिकडून." दोघांनी ओढून उन्हाकडे, पश्चिमेला फिरवली. ओट्याची माती चुलीच्या पायांना चिकटून निघाली.
डाळ शिजली. शेटजी पोटभर जेवले. निघताना म्हणाले, "चीज चांगली आहे. पण दुकानात देव म्हणून मांडू का चूल म्हणून? देव म्हटलं तर कोणी हलवणार नाही. चूल म्हटलं तर कोणी घेणार नाही. तुमी सांगा, मग पाहू."
सांगतो म्हटलं. येतो की नाही, हा जिनात निरोप धाडायचा राहिला.
दिवेलागणीला ही निरांजन घेऊन अंगणात आली. चुलीचं तोंड अजून पश्चिमेला होतं.
"अहो, दिवा कोणत्या बाजूनं लावू?"