सर्वांत कमी दराची नाव

प्रति,
मेहेरबान इंजिनियरसाहेब,
बांधकाम कचेरी, जिल्हा अहमदनगर

विषय : डोहगाव घाटावरील नव्या सरकारी नावेत पहिले कोणी बसावे, याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, ता. ३ जुलै १९४४.

महोदय,

अर्जदार मच्छिंद्र पुंजाराम भोई हा कोल्हारच्या खाली, प्रवरेवरील डोहगाव घाटाचा नावाडी. पंधरा दिवसांत नवी सरकारी नाव चालवली नाही तर घाट काढून घेऊ, अशी नोटीस त्याला आली आहे. त्याला अक्षरओळख नसल्याने शाळामास्तरांनी ती वाचून दाखवली. दोनदा वाचावी लागली, कारण पहिल्यांदा त्याला ती थट्टा वाटली.

१. नावेसाठी तीन टेंडरे आली. दोन टेंडरे नावा बांधणाऱ्यांची, तिसरे छगन मिस्त्रीचे. ते सर्वांत कमी. छगनचा हात पाळण्यांवर बसलेला. उभ्या जन्मात त्याने पाण्यात घातलेली वस्तू म्हणजे स्वतःचे पाय. कचेरीने आकडे पाहिले, माणूस पाहिला नाही. तीन आकड्यांतला लहान कोणता, हे आमच्या शाळेच्या बिगारी वर्गातले पोरही सांगते. त्याला त्याबद्दल पगार मिळत नाही.

२. नाव आली. आंब्याच्या फळ्या, काठाला सुरेख नक्षी. सकाळी घाटाला बांधली, दुपारी आत गुडघाभर पाणी. पोरे तीत मासे धरतात. तक्रार केली तेव्हा कचेरीने पाणी उपसायला चार बादल्या धाडल्या, त्याही सर्वांत कमी दराच्या. पैकी एकीला बूड आहे.

३. जुनी सागवानी नाव कचेरीने निकामी ठरवून जळणाच्या भावाने लिलावात काढली. ती अर्जदाराने घेतली. त्या जळणात बसूनच शाळेची एकतीस मुले रोज सुखरूप पार होतात, आणि नोटिशीत नेमका हाच गुन्हा लिहिला आहे. त्यातली दोन मुले अर्जदाराची आहेत. नव्या नावेची त्याला भीती वाटते आणि ते सांगायला लाज वाटत नाही.

४. या काठचा रिवाज असा, की नवी नाव बांधणाऱ्याने बायकामुलांसह पहिली फेरी करायची. मगच नावाडी वल्हे हाती धरतो. त्यात पूजाबिजा फारशी नाही, पण त्यामुळे फळ्या जाड लागतात. छगनला बोलावले तेव्हा तो म्हणाला, "टेंडरात नाव बांधायची हाय, बसायची न्हाई." आपल्या कामाची पारख त्याला आहे, कचेरीला नाही. बांधणारा हटला की ती फेरी नाव पसंत करणाऱ्याकडे जाते.

सबब विनंती की, येत्या शुक्रवारी फिरतीवर येताना साहेबांनी बाईसाहेब व मुलांसह यावे आणि पहिली फेरी करावी. नदी भरून आहे. अर्जदार जुन्या नावेतून नवी नाव दोराने ओढील. साहेब पलीकडे कोरडे उतरले, तर त्याच दिवसापासून तो सरकारी नाव चालवील.

साहेबांची घाटावर वाट पाहणारा,
मच्छिंद्र पुंजाराम भोई
(डाव्या हाताचा अंगठा)
दस्तुर : विष्णुपंत धर्माधिकारी, शाळामास्तर
डोहगाव, ता. ८ जुलै १९४४

सोबत :
१. नोटिशीची नक्कल.
२. नव्या नावेच्या तळाची फळी, एक तुकडा. तोडावी लागली नाही, हातात आली.
३. पोहताना कमरेला बांधायचे वाळके भोपळे, चार नग, साहेबांच्या कुटुंबाकरिता. घरच्या वेलाचे आहेत. टेंडर मागवलेले नाही.